धूळपाटी आणि पहिलें अक्षर

करवीर प्रांतांतील जुनीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर, वंशावळी आपण जपून बाजूस ठेवितों. परंतु मुलाला पहिलें अक्षर कोणीं व कशावर शिकविलें, हें सांगणारा कागद सहसा हातीं लागत नाहीं. कारण उघड आहे : तें अक्षर कागदावर लिहिलेंच जात नसे.

लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, घरच्या वडीलधाऱ्यानें किंवा पंतोजीनें तींत अक्षर काढावें, आणि मुलानें तें मोठ्यानें म्हणत बोटानें वा काडीनें गिरवावें, अशी रीत होती. पाटी हलविली कीं चूक नाहींशी होई. म्हणून मुलाला तें खेळण्यासारखेंच वाटे. ‘धुळाक्षरें’ हा शब्द त्या रीतीची खूण होय.

या रीतीचें मोल परक्यांनींही ओळखलें. मद्रास येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहून तोच क्रम उचलला, इ. स. १७९७ त लंडनला छापलेल्या त्यांच्या वृत्तांतानें तो इंग्लंडांत पोंचला. पुढें मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतींत खरखरीत कागदाचीं अक्षरें बोटानें गिरविण्यासाठीं आलीं. या दोहोंचा प्रत्यक्ष संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. तत्त्व मात्र एकच दिसतें.

मग इतकें स्वस्त साधन असतां अक्षरज्ञान थोड्याच घरांत कां राहिलें? धूळ सर्वांच्या अंगणांत होती. तींत पहिलें अक्षर काढून देणारा हात मात्र सर्वांच्या घरीं नव्हता. जातिभेदानें बहुतांस, आणि बहुतेक स्त्रियांस, विद्येपासून दूर ठेविलें होतें. आईलाच अक्षर येत नसेल तर पाटी काय करणार? इ. स. १९१७ त शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलांस शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दंड ठेविला, त्याचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. आज ज्याला सक्तीनें शाळेंत बसविलें, तोच उद्यां आपल्या मुलाला घरीं अक्षर काढून देणार होता.

म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं, जुन्या वाड्यांतील पाट्या, बोरू व मुलांचे कित्ते रद्दी किंवा सरपण समजून टाकूं नयेत. वस्तु कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत मिळाली, हें टिपून ठेवावें. राजांचीं अक्षरें आपण जपलीं. तीं वाचणारा डोळा कसा घडला, याचाही पुरावा जपला पाहिजे.