सानुकूलन (शब्दार्थ)

सानुकूलन हे संस्कृत घटकांपासून बनलेले मराठी नाम आहे. एखादी वस्तू, सेवा किंवा संगणक प्रणाली वापरणाऱ्याच्या गरजेनुसार व आवडीनुसार बदलून घेणे, हा त्याचा आजचा अर्थ होय. इंग्रजी 'कस्टमायझेशन' या संज्ञेचा पर्याय म्हणून तो संगणक, भ्रमणध्वनी व वाणिज्यविषयक लेखनात योजला जातो. बोलण्यात मात्र 'कस्टमाइझ करणे' किंवा 'हवे तसे करून घेणे' हे प्रयोग अधिक रूढ आहेत.

व्युत्पत्ती

'कूल' म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून असलेले ते अनुकूल व त्याच्या विरुद्ध असलेले ते प्रतिकूल. 'स' (सह) + 'अनुकूल' या सवर्णदीर्घ संधीने 'सानुकूल' हा शब्द सिद्ध होतो. त्यापासून 'सानुकूलित' हे विशेषण आणि 'सानुकूलन' व 'सानुकूलीकरण' ही नामे बनली आहेत. 'सानुकूल' हा शब्द तत्सम असल्याने त्यातील 'कू' दीर्घ लिहावा. 'सानुकुल' हे रूप अशुद्ध होय.

अर्थांतर

'सानुकूल' हा शब्द नवा नाही. जुन्या मराठीत तो 'प्रसन्न, कृपाळू' या अर्थाने येतो. 'सानुकूळ' असेही त्याचे रूप आढळते. दैव सानुकूल झाले, वारा सानुकूल आहे, अशा प्रयोगांत अनुकूल होणारी शक्ती माणसाच्या हाती नसते. ती आपणहून प्रसन्न होते. आजच्या अर्थात ही बाजू उलटली आहे. आता माणूसच वस्तूला आपल्यासाठी अनुकूल करून घेतो. शब्द जुनाच राहिला, कर्ता बदलला.

अनुकूलन आणि सानुकूलन

या दोन संज्ञांची विद्यार्थ्यांकडून गल्लत होण्याचा संभव असतो. 'अनुकूलन' ही जीवशास्त्रातील संज्ञा आहे. सजीव परिस्थितीशी जुळेल असा बदलत जातो, ते अनुकूलन. उदाहरणार्थ, निवडुंगाच्या पानांचे काटे होणे. सानुकूलनात वापरणारा बदलत नाही, वस्तू बदलते. भ्रमणध्वनीवरील अक्षरांचा आकार वाढवून घेणे, हे सानुकूलन. त्याच लहान अक्षरांची डोळ्यांना सवय करून घेणे, हे जुळवून घेणे.

जवळचे शब्द

बेतणे : शिंपीकामातील हा जुना व जिवंत शब्द आहे. अंगाचे माप घेऊन त्याप्रमाणे कापड कापणे म्हणजे कपडा बेतणे. हिंदीतील 'ब्योंतना' हे क्रियापद याच अर्थाचे आहे. 'सत्यघटनेवर बेतलेले नाटक' या प्रयोगात हाच अर्थ लक्षणेने येतो. 'बेताची परिस्थिती' आणि 'बेताने खर्च करणे' यांत मापाची, मर्यादेची जाणीव आहे. बेतणे हे वस्तू घडण्यापूर्वीचे काम असते. सानुकूलन बहुधा आधीच तयार असलेल्या वस्तूचे किंवा ठरलेल्या नमुन्याचे होते.

घडवणे : दागिन्यांच्या संदर्भात हा शब्द रूढ आहे. सराफाकडे तयार दागिना 'घेतला' जातो. पसंतीच्या नक्षीचा व वजनाचा दागिना 'घडवून' घेतला जातो.

वैयक्तिकीकरण : प्रणाली किंवा विक्रेता ग्राहकाची आवड ओळखून स्वतःच बदल करतो, तेव्हा ही संज्ञा वापरणे अधिक नेमके ठरते. सानुकूलनात निवड वापरणाऱ्याची असते.

व्यवहारातील वापर

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे शहर तयार जीन्स व फर्निचर यांच्या बाजारपेठांसाठी ओळखले जाते. अशा बाजारांत 'सानुकूलन' हा शब्द सहसा ऐकू येत नाही. तयार विजारीची लांबी कमी करणे म्हणजे 'ऑल्टर करणे', तर खोलीच्या मापाचे कपाट म्हणजे 'ऑर्डरप्रमाणे बनवून घेतलेले' कपाट. क्रिया तीच असली, तरी व्यवसायागणिक शब्द वेगळा असतो.

याच्या उलट, संगणकाच्या पडद्यावर एकच शब्द सर्व प्रकारच्या बदलांसाठी लागतो. रंग, आवाज, मांडणी, सूचना या सर्वांना 'बेतणे' किंवा 'घडवणे' चपखल बसत नाही. तेथे 'सानुकूल करा' उपयोगी पडते. वाचकाला तो शब्द अडत असेल, तर 'हवे तसे बदला' हा सोपा पर्याय उपलब्ध आहे.

स्वीकार

'सानुकूलन' कृत्रिम वाटतो, असा आक्षेप घेता येतो. याच 'अनुकूल'पासून बनलेला 'वातानुकूलित' हा शब्द या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. कात्रप ज्या बदलापूर शहरात आहे, तेथे थांबणाऱ्या उपनगरी गाड्यांपैकी काही गाड्या वातानुकूलित आहेत. प्रवासी त्यांना 'एसी लोकल' म्हणतात. वृत्तपत्रांत 'वातानुकूलित लोकल' असे छापले जाते. दोन्ही शब्द शेजारी नांदतात आणि कोणाचीही गाडी चुकत नाही. औपचारिक शब्दाने बोलीतील शब्द हुसकावला पाहिजे, असे नाही. लेखनात त्याचा अर्थ चटकन कळला, म्हणजे तो रुजला. त्यासाठी तो नेमक्या अर्थाने वापरला जाणे आवश्यक असते. प्रत्येक बदलाला 'सानुकूलन' म्हटले, तर शब्द रूढ होईल, पण त्याची धार जाईल.

हेही पाहा

अनुकूलन, तत्सम शब्द, पारिभाषिक संज्ञा