कोबीत वाया गेलेलं पाकीट आणि १८८५ सालची एक बुरशी

आजचा एपिसोड सुरू होतो माझ्याच फजितीपासून.

मी पुण्यात कोड लिहितो, अप्पा सिन्नरजवळ शेती करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. "अरे, दुकानदार मायकोरायझाचं पाकीट देतोय. घेऊ का? कोबीला टाकतो." मी मीटिंगमध्ये होतो. "घ्या अप्पा, जैविक खत आहे, चांगलंच असणार," म्हणालो. कोबीला काडीचाही फरक पडला नाही. अप्पा काही बोलले नाहीत, पण मला लागलं. फसवणूकच झाली असं धरून मी वाचायला बसलो, आणि पोचलो थेट १८८५ सालच्या जर्मनीत.

तिथे आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रशियाच्या सरकारने त्यांना एक काम दिलं होतं: ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी ती महागडी बुरशी, लागवड करून पिकवता येईल का बघा. ट्रफलची लागवड काही जमली नाही. पण ओक, बीच अशा झाडांची मुळं खणून बघताना फ्रांकना दिसलं की मुळांची टोकं बुरशीच्या आवरणात गुंडाळलेली आहेत. आणि झाडं तर ठणठणीत! त्यांनी ग्रीकमधले 'बुरशी' आणि 'मूळ' हे दोन शब्द जोडून नाव दिलं, मायकोरायझा. म्हणाले, ही बुरशी झाडाची दाई आहे, जमिनीतलं पाणी आणि अन्न झाडाला भरवते.

लोकांना पटेना. तेव्हा बुरशी म्हणजे रोग, असंच समीकरण होतं. मग फ्रांकनी पाइनची रोपं दोन प्रकारच्या मातीत लावली, एक निर्जंतुक केलेली आणि एक जशीच्या तशी. जशीच्या तशी माती, म्हणजे बुरशी असलेली, तिच्यातली रोपं जोमाने वाढली. तरी वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

आता ही झाली जंगलातली बुरशी. आपल्या ज्वारी, मका, कांदा, तूर, हरभरा यांची बुरशी वेगळी. ती मुळावर आवरण करत नाही, थेट पेशीच्या भिंतीतून आत शिरते आणि तिथे चिमुकल्या झाडासारख्या फांद्या फोडते. देवाणघेवाण तिथेच होते. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. शिवाय जिवंत मुळाशिवाय ही बुरशी आपलं जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत एकटी वाढवून अभ्यास करणं अवघड. म्हणून गाडी अडली.

ती पुढे ढकलली इंग्लंडच्या बार्बरा मॉस यांनी. १९५३ साली त्यांनी स्ट्रॉबेरीच्या मुळांशी जोडलेली या बुरशीची फळं दाखवली. मग तीच बुरशी वापरून त्यांनी सफरचंदाच्या रोपांवर प्रयोग केले. बुरशीवाली आणि बिनबुरशीची रोपं वाढीतही वेगळी निघाली आणि आतल्या अन्नद्रव्यांतही. पुढच्या काही वर्षांत इतरांनीही प्रयोग केले आणि मुख्य फायदा स्पष्ट झाला: स्फुरद.

स्फुरदाची अडचण अशी की ते जमिनीत असूनही मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमला चिकटून बसतं आणि जागचं हलत नाही. मूळ आपल्या आसपासचं मिलिमीटरभरातलं स्फुरद ओढून घेतं, मग तिथे खडखडाट. बुरशीचे तंतू मात्र केसापेक्षाही बारीक. ते काही सेंटीमीटर पुढे, मुळाला जाता येत नाही अशा फटींत शिरतात आणि स्फुरद, जस्त घेऊन येतात. फुकट नाही हं! पानांनी बनवलेल्या अन्नातला वाटा, कधी कधी पाचवा हिस्सासुद्धा, बुरशीला जातो.

आणि या दोघांची गाठ पडते कशी? २००५ साली जपानच्या कोहकी अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मूळच मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतं. ते मिळालं की बुरशीला फांद्या फुटतात. पण हे रसायन १९६६ पासून माहीत होतं, वेगळ्याच कारणासाठी: ज्वारीचा शत्रू टारफुला याचं बी त्याच वासावर उगवतं! मित्राला मारलेली हाक चोरानेही ऐकली. आम्ही याला सिक्युरिटी होल म्हणतो.

स्फुरद कमी पडलं की ही हाक मोठी होते. भरपूर मिळालं की रोप हाकच मारत नाही. म्हणजे डीएपी ओतायचं आणि वर मायकोरायझाही टाकायचं, हे एकमेकांना मारक.

मग आमच्या कोबीचं काय? कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळाने ही भागीदारी केव्हाच मोडलीय. त्यांच्या मुळांत ही बुरशी नांदतच नाही. पाकीट अस्सल असतं तरी कोबीत फुकटच गेलं असतं. फसवणूक झाली का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण न वाचता "घ्या" म्हणणारा मी होतो, एवढं नक्की.

मी अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कांद्याला टाकायचं होतं." बरोबर! कांद्याच्या मुळांना केस जेमतेम, त्याला या बुरशीची गरज जास्त. यंदा आधी माती परीक्षण, मग डीएपीचा हिशोब, आणि मग कांद्याच्या चार सऱ्यांना मायकोरायझा, शेजारच्या चार तशाच. फ्रांकने केलं तेच, सिन्नरमध्ये.

तुमच्या घरी कोणी शेती करत असेल तर हा एपिसोड त्यांना फॉरवर्ड करा. आणि पुढच्या वेळी घरून फोन आला, तर मीटिंगमधून दोन मिनिटं बाहेर या. भेटू पुढच्या भागात!