राखीव शब्दांचे कोष्टक आणि अबजद

पास्कल या संगणकभाषेच्या कंपायलरला ‘बिगिन’, ‘एंड’ असे पस्तीसेक राखीव शब्द ओळखावे लागतात. हे शब्द बदलत नाहीत, म्हणून त्यांचे कोष्टक कंपायलरमध्येच कायमचे लिहिलेले असते. प्रोग्राममधला जवळजवळ प्रत्येक शब्द मात्र त्याच्याशी ताडून पाहावा लागतो, त्यामुळे एवढेसे कोष्टकही वेळ खाते.

३६ शब्द ओळीने तपासले तर सरासरी अठरा-एकोणीस तुलना होतात. वर्णानुक्रमे लावून दर वेळी मधोमध पाहिले तर जास्तीत जास्त सहा. ही रीत जॉन मॉक्ली यांनी १९४६च्या व्याख्यानांत सांगितली होती. पुढे १९५३ मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी शब्दावरूनच त्याची जागा गणिताने काढावी असे सुचवले. अडचण एकच, दोन शब्द एकाच जागेवर येतात. ३१ शब्द ४१ जागांत बसवायचे तर सुमारे एक कोटी रीतींत एखादीच निर्दोष निघते, असा हिशेब डोनाल्ड नूथ यांनी १९७३च्या ग्रंथात मांडला.

जानेवारी १९८० मध्ये रिचर्ड सिचेली यांनी एक साधी रीत प्रसिद्ध केली. शब्दाची लांबी, पहिल्या अक्षराचे मूल्य आणि शेवटच्या अक्षराचे मूल्य यांची बेरीज करायची. पास्कलचे ३६ शब्द ३६ सलग जागांत बसले. टक्कर नाही, रिकामी जागा नाही.

उर्दू शिकवणाऱ्याला येथे अबजद आठवल्याशिवाय राहत नाही. त्यातही अक्षरांना मूल्ये आहेत; अलिफ १ पासून ग़ैन १००० पर्यंत, एकूण २८ अक्षरे. फरक असा की, तारीख काढणाऱ्या शायराकडे मूल्ये ठरलेली असतात आणि तो शब्द शोधतो. सिचेलींकडे शब्द ठरलेले होते, मूल्ये शोधायची होती. अरबीत नसलेल्या पे, चे, डाल, गाफ यांना अनुक्रमे बे, जीम, दाल, काफ यांचीच मूल्ये दिली गेली. तारखेत त्याने काही बिघडत नाही, कारण बेरजेवरून शब्द परत ओळखायचा नसतो. कंपायलरला तो ओळखायचा असतो. म्हणून लांबी आणि दोन्ही टोकांची अक्षरे सारखी असलेले दोन शब्द आले की सिचेलींची रीत अडते, आणि एक नवा शब्द वाढला तरी मूल्ये बहुधा पुन्हा शोधावी लागतात. हे कष्ट पुढे डग्लस श्मिट यांच्या ‘जीपर्फ’ या साधनाने यंत्रावर सोपवले.

दहा-बारा नोंदींसाठी मात्र आजच्या प्रोसेसरवर ओळीने शोधणेही अनेकदा तितकेच जलद ठरते; सलग ठेवलेल्या नोंदी एकदमच जवळच्या स्मृतीत येतात.