सेवा क्लब : सभासद येतात, पण टिकतात का?

जुलै महिना सुरू झाला की महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून रोटरी आणि लायन्स क्लबांच्या पदग्रहण समारंभांची धामधूम सुरू होते. मावळते अध्यक्ष सूत्रे सोपवतात, नवे अध्यक्ष वर्षभराचे संकल्प जाहीर करतात, नव्या सभासदांच्या कोटावर बोधचिन्ह लावले जाते. पुढील जूनअखेर हिशेब मांडला जातो, तेव्हा मात्र अनेक क्लबांत निराळेच चित्र दिसते. जेवढे सभासद आले, जवळपास तेवढेच गळालेले असतात आणि गाजावाजा करून सुरू झालेले काही उपक्रम अर्ध्यावर थांबलेले असतात. नेत्रशिबिरे, रक्तपेढ्या, डायलिसिस केंद्रे, शाळांतील स्वच्छतागृहे अशी कामे ज्या संस्थांच्या बळावर चालतात, त्यांच्या दृष्टीने ही गळती केवळ आकड्यांची बाब राहत नाही. सभासद कमी झाले की काम करणारे हात कमी होतात आणि त्याची झळ अखेर गरजूंना बसते.

शतकभराची वाटचाल

सेवा क्लबांची कल्पना अमेरिकेतील शिकागो शहरात रुजली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली. सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या कार्यालयात भरत असल्याने ‘रोटरी’ हे नाव पडले. आरंभी तिचे स्वरूप व्यावसायिकांच्या स्नेहमंडळाचे होते. समाजसेवेचे उद्दिष्ट लवकरच त्याला जोडले गेले. त्याच शहरात मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्स संघटना आकाराला आली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले आणि दृष्टिरक्षण हे या संघटनेचे ओळखीचे कार्य बनले.

भारतात पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कोलकात्यात स्थापन झाला. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये, तर लायन्स १९५६ मध्ये आली. पुढे नितीश लाहिरी, राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता या चार भारतीयांना रोटरीचे जागतिक अध्यक्षपद भूषविण्याचा मान मिळाला.

आकड्यांचे कोडे

रोटरीची जागतिक सभासदसंख्या गेली कित्येक वर्षे सुमारे १२ लाखांच्या आसपास घुटमळत राहिली आहे. दरवर्षी मोठ्या संख्येने नवे सभासद येतात आणि जवळपास तितकेच जुने बाहेर पडतात, हे त्यामागचे कारण होय. अमेरिका, ब्रिटन, जपान या देशांतील घट भारत, दक्षिण कोरिया, तैवान येथील वाढीने बऱ्याच अंशी भरून निघाली आहे. लायन्सची सभासदसंख्या १४ लाखांच्या घरात असून, २०२७ पर्यंत ती १५ लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट तिने २०२३ मध्ये जाहीर केले. रोटरीतही शेखर मेहता यांच्या २०२१-२२ या कारकिर्दीत प्रत्येक सभासदाने एक नवा सभासद आणावा, अशी मोहीम राबवण्यात आली.

अशा मोहिमांनी संख्या वाढते; परंतु संख्येच्या दडपणाचा एक दुष्परिणामही असतो. जागतिक संघटनेची वर्गणी जुलै आणि जानेवारीतील सभासदसंख्येवर आकारली जाते. उद्दिष्ट गाठण्यासाठी घाईने नोंदवलेली नावे वर्गणीची वेळ आली की कमी करावी लागतात. ज्याला क्लबचे काम काय, वर्गणी किती, वेळ किती द्यावा लागेल हे सांगितलेलेच नाही, असा सभासद फार काळ थांबत नाही. मैत्रीखातर आलेला माणूस मैत्रीखातरच एखादे वर्ष काढतो, एवढेच.

गळती कोठे होते?

सभासदत्व सोडताना बहुतेक जण वेळेच्या अभावाचे कारण देतात. ते खोटे नसते, पण पुरेसेही नसते. कामात गुंतलेला माणूस आवडत्या कामासाठी वेळ काढतोच. पहिल्या काही महिन्यांत नव्या सभासदाला एकही जबाबदारी मिळाली नाही, सभेत जुनी मंडळी आपापल्या टेबलांवर बसली आणि त्याच्याशी कोणी बोलले नाही, की त्याचे येणे विरळ होऊ लागते. भाषणे, सत्कार आणि हारतुरे यांतच सभा संपत असेल, तर सेवेच्या ओढीने आलेल्याची निराशा होते. खर्चिक हॉटेलांतील भोजनसभा हाही अनेकांच्या, विशेषतः तरुण आणि नोकरदार सभासदांच्या, मार्गातील अडसर ठरतो.

नियमांतील कडकपणाही एकेकाळी गळतीला हातभार लावीत असे. रोटरीत पूर्वी साप्ताहिक सभा अनिवार्य होती आणि लागोपाठ चार सभा चुकल्यास सभासदत्व जाण्याची तरतूद होती. २०१६ मध्ये या नियमांत मोठी शिथिलता आली. सभा किती वेळा घ्यायच्या, उपस्थितीचे बंधन किती ठेवायचे आणि सभासदत्वाचे कोणते प्रकार असावेत, याबाबत क्लबांना बरेच स्वातंत्र्य मिळाले. महिन्यातून किमान दोन सभा आता पुरेशा असतात. हे स्वातंत्र्य कागदावर असूनही जुनीच घडी चालू ठेवणारे क्लब आजही कमी नाहीत.

बंद दारे उघडताना

दार उघडले की संस्था वाढते, हा धडा या संघटनांच्या इतिहासातच आहे. कॅलिफोर्नियातील ड्युआर्ट येथील रोटरी क्लबने १९७७ मध्ये महिलांना सभासद करून घेतले, तेव्हा त्याची सनदच काढून घेण्यात आली. हा वाद न्यायालयात गेला आणि मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी लायन्सने महिलांना सभासदत्व खुले केले, तर रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी आपला नियम बदलला. लायन्सला २०१८ मध्ये गुद्रुन यंग्वाडॉटिर आणि रोटरीला २०२२ मध्ये जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष लाभल्या.

तरुणांच्या बाबतीतही असेच घडले. १९६८ मध्ये सुरू झालेली रोटरॅक्ट ही शाखा दीर्घकाळ १८ ते ३० वर्षे वयोगटापुरती होती. तिशी ओलांडली की रोटरॅक्ट सुटायचे आणि रोटरीची वर्गणी परवडायची नाही. या खिंडीत अनेक उत्साही कार्यकर्ते हातचे जात. २०१९ मध्ये रोटरॅक्ट क्लबांना जागतिक संघटनेत सभासदाचे स्थान देण्याचा निर्णय झाला आणि २०२० पासून कमाल वयाची अटही उठली.

नवे सभासद शोधण्याची एक जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. गावातील व्यवसायांची यादी करायची आणि त्यांपैकी कोणते क्लबमध्ये नाहीत ते पाहायचे. डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक आणि चार्टर्ड अकाउंटंट यांचीच गर्दी असलेल्या क्लबला या यादीतून शिक्षक, शेतीपूरक उद्योजक, संगणक अभियंते, पत्रकार, परिचारिका असे कितीतरी वर्ग दिसू लागतात. नात्यागोत्यापलीकडे पाहण्याची सवय त्यातून लागते.

एका वर्षाचे नेतृत्व

सेवा क्लबांत अध्यक्षपद साधारणतः एकाच वर्षाचे असते. त्यामुळे सत्ता एका हाती एकवटत नाही आणि अनेकांना नेतृत्वाची संधी मिळते. याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक अध्यक्षाला आपल्या नावाचा प्रकल्प हवा असतो आणि मागच्या वर्षीचे काम पोरके होते. यावर उपाय म्हणून मावळते, विद्यमान आणि नियोजित अशा तिन्ही अध्यक्षांनी एकत्र बसून तीन वर्षांचा आराखडा करावा, अशी पद्धत अनेक क्लबांनी स्वीकारली आहे. नियोजित अध्यक्षाची निवड बरीच आधी होते. त्याच्यासाठी प्रांतपातळीवर प्रशिक्षणही असते. या अवधीचा उपयोग भाषण तयार करण्याऐवजी काम समजून घेण्यासाठी झाला, तर पहिले तीन महिने वाया जात नाहीत.

रुग्णालय किंवा रक्तपेढीसारख्या कायमस्वरूपी कामासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन करण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झाली की धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावे लागतात. अध्यक्ष बदलले तरी विश्वस्त मंडळ कायम राहते. सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी देणाऱ्या कंपन्याही अशा नोंदणीकृत आणि हिशेबात चोख असलेल्या संस्थांकडेच वळतात. क्लबचा प्रशासकीय खर्च आणि सेवानिधी यांची खाती वेगळी ठेवून दोन्हींचे आकडे सभासदांपुढे मांडले, तर विश्वास वाढतो. विश्वास असला की सभासद टिकतो.

नेतृत्व बदलूनही काम टिकू शकते, याचा सर्वांत मोठा पुरावा पोलिओ निर्मूलनाचा आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरोधी जागतिक मोहीम हाती घेतली. त्यानंतर जागतिक अध्यक्ष दरवर्षी बदलले, प्रांतपाल आणि क्लबांचे अध्यक्ष बदलले, परंतु उद्दिष्ट बदलले नाही. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अगणित आरोग्यसेविकांच्या बरोबरीने हजारो सभासद लसीकरण केंद्रांवर उभे राहिले. भारतातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

क्लबांनी काय करावे?

प्रवेशापूर्वी इच्छुकाला दोनतीन सभा आणि एक प्रत्यक्ष उपक्रम दाखवावा. वर्गणीचा आणि वेळेचा अंदाज स्पष्ट सांगावा. प्रत्येक नव्या सभासदामागे एक अनुभवी मार्गदर्शक नेमावा आणि पहिल्या महिन्याभरात त्याच्याकडे लहान का होईना, पण निश्चित काम सोपवावे. सलग गैरहजर राहणाऱ्याला नोटीस पाठवण्याआधी फोन करावा. सोडून जाणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. क्लबचे खरे दोष तोच सांगू शकतो. समितीप्रमुख, सचिव, खजिनदार अशा पायऱ्यांवरून नवे नेतृत्व घडवावे आणि माजी अध्यक्षांनी सल्ल्यापुरते राहून नव्यांना निर्णय घेऊ द्यावेत.

या गोष्टींना फारसा खर्च येत नाही, मात्र त्या वर्षभर सातत्याने कराव्या लागतात. जूनअखेरच्या अहवालात किती नावे वाढली याबरोबरच गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण अजून काम करत आहेत, हाही रकाना भरला जावा. क्लबच्या प्रकृतीचे खरे निदान त्या रकान्यातच होते.