सायकलचा मागचा दिवा : इंग्लंडमधील एक विस्मृत वाद

प्रस्तावना :
सायकलला कोणता दिवा लावावा, हा प्रश्न आज केवळ दुकानातील निवडीचा वाटतो. इंग्लंडमध्ये मात्र तो दीर्घकाळ कायद्याचा आणि जबाबदारीचा प्रश्न होता. डिसेंबरच्या मध्यात लंडनमध्ये सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. त्यामुळे सायकलने घरी परतणाऱ्या कामगाराचा हिवाळ्यातील परतीचा प्रवास बहुधा अंधारातच होई. पुढचा दिवा स्वाराला वाट दिसावी म्हणून, तर मागचा दिवा स्वार इतरांना दिसावा म्हणून. वाद झाला तो प्रामुख्याने दुसऱ्याविषयी. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

तेल, कार्बाइड आणि डायनामो :
१८८८ च्या स्थानिक शासन कायद्याच्या ८५ व्या कलमाने सायकलची गणना वाहनांत केली. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत पुढे उजेड टाकणारा दिवा त्याच कलमाने सक्तीचा केला. तत्पूर्वीच बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांचा 'किंग ऑफ द रोड' हा तेलाचा दिवा बाजारात आला होता. उंच चाकाच्या सायकलच्या आसाला, आऱ्यांच्या आतल्या बाजूस, तो टांगला जाई. त्याचा प्रकाश मंद असे.

१८९२ मध्ये कॅल्शियम कार्बाइडच्या औद्योगिक उत्पादनाचा मार्ग सापडला आणि काही वर्षांतच ॲसिटिलीनचे दिवे प्रचारात आले. वरच्या टाकीतील पाणी थेंबाथेंबाने कार्बाइडवर पडे, त्यातून निघणारा वायू जळे आणि शुभ्र, प्रखर प्रकाश मिळे. मात्र कडाक्याच्या थंडीत टाकीतील पाणी गोठे, शिवाय वापरानंतर उरलेला चुन्याचा लगदा काढून दिवा साफ करावा लागे. ज्या ऋतूत दिव्याची गरज सर्वाधिक, त्याच ऋतूत तो दगा देई. चाकाला घासून फिरणाऱ्या डायनामोने (महाराष्ट्रातील जुन्या पिढीला तो चांगलाच परिचित आहे) इंधनाची यातायात संपवली. परंतु सायकल थांबताच दिवा विझे, आणि चौकात थांबलेला स्वार मागून येणाऱ्याच्या दृष्टीने अंधारात लुप्त होई.

मागच्या दिव्याचा वाद :
मोटारींची संख्या वाढू लागली तशी मागच्या दिव्याची मागणी जोर धरू लागली. १९२७ च्या कायद्याने तडजोड केली. मागे लाल दिवा किंवा लाल परावर्तक, यांपैकी एक पुरेसे ठरले. १९३४ मध्ये परावर्तक वापरणाऱ्यांना मागील बाजूस किमान १२ चौरस इंच पांढरा पृष्ठभाग ठेवणे बंधनकारक झाले.

१८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने, मागच्या दिव्याच्या सक्तीला कडाडून विरोध केला. हा विरोध निव्वळ हेकेखोरपणाचा मानण्याची प्रवृत्ती दिसते, ती न्याय्य नाही. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात वाहन थांबवता येईल अशाच वेगाने चालवणे हे चालकाचे कर्तव्य आहे, अशी संघटनेची भूमिका होती. पादचाऱ्याच्या पाठीला दिवा नसतो, रस्त्यात पडलेल्या झाडालाही नसतो. शिवाय मागचा दिवा स्वाराच्या नजरेआड असतो. तो नकळत विझला आणि अपघात घडला, तर ज्याला धडक बसली तोच दोषी ठरण्याचा संभव होता. परावर्तक विझत नाही, हे खरे. पण तो परक्या दिव्याच्या प्रकाशावर अवलंबून असतो, ही त्याची मूळ उणीव या युक्तिवादात झाकली गेली.

ती उघडी पाडली दुसऱ्या महायुद्धाने. सप्टेंबर १९३९ मध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने अंधारबंदी लागू झाली. मोटारींचे दिवे झाकले गेले आणि परावर्तकांना उजळवणारा प्रकाशच उरला नाही. सायकलला मागचा लाल दिवा सक्तीचा करण्यात आला. ब्रिटनमध्ये रस्त्यावरील अपघातांत १९३८ साली ६,६४८ माणसे मरण पावली होती. १९४१ मध्ये हा आकडा ९,१६९ झाला, तोही पेट्रोलच्या नियंत्रणामुळे खासगी मोटारी कमी झालेल्या असताना. अंधाराने सर्वाधिक बळी घेतले ते पादचाऱ्यांचे, ज्यांच्यावर दिव्याची सक्ती नव्हतीच. १९४५ च्या कायद्याने युद्धकालीन सक्ती कायम केली.

डायनामोचा दिवा थांबताच विझण्याची अडचण मात्र कायद्याने सुटली नाही. ती पुढे तंत्रज्ञांनी सोडवली. मागच्या दिव्यात वीज साठवणारा कपॅसिटर बसवल्याने तो सायकल थांबल्यानंतरही काही मिनिटे तेवत राहू लागला.