व्हिक्टोरिया गोदींतील दोन तास

मुंबईंत भायखळ्याच्या बंबखान्यांत एक स्मारक आहे. दर वर्षीं १४ एप्रिलला तेथें मानवंदना दिली जाते आणि देशभर तो दिवस अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाची हकीकत आपण ऐकतों ती बहुधा स्फोटापासून. मला ती स्फोटापूर्वींच्या दोन तासांपासून सांगावयाची आहे.

मुंबईला आग नवी नव्हती. १८०३ च्या फेब्रुवारींत कोटाच्या आंतील वस्तीचा सुमारें तिसरा हिस्सा जळाला, आणि त्या धसक्यानेंच कोटाबाहेर वस्ती वसविण्यास चालना मिळाली. पुढें बराच काळ आग विझविण्याचें काम पोलिसांकडे होतें. १८८७ सालीं स्वतंत्र दल उभें राहिलें, घोड्यांचे बंब आले, मग मोटारचे आले. म्हणजे १९४४ सालीं मुंबईजवळ साधनें नव्हतीं, किंवा माणसें शिकलेलीं नव्हतीं, असें म्हणतां येणार नाहीं.

‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज इंग्लंडहून कराचीमार्गें १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदींत आलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता, आणि सुमारें ८,७०० कापसाच्या गांठी होत्या. कापूस व दारू एका घरांत ठेवूं नये हें आपली आजीहि सांगेल. पण युद्धाच्या निकडीपुढें आजीचें ऐकतो कोण? असल्या जहाजावर तांबडें निशाण चढविण्याची रीत होती. युद्धकाळांत तीहि सुटली होती. शेजारच्या जहाजांवरील लोकांना आपल्या बाजूस काय उभें आहे हें समजण्यास मार्गच नव्हता.

शुक्रवारीं दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणांतून धूर निघूं लागला. त्या दिवसाच्या वृत्तांतांत एक गोष्ट सांगितली जाते, ती ऐकून आजहि मन विषण्ण होतें. धक्क्यावरील पंपाच्या नायकानें मोठ्या आगीचा ठराविक संदेश टेलिफोनवरून देण्यास आपला माणूस धाडला. त्या टेलिफोनला आंकडे फिरविण्याची तबकडीच नव्हती! बिचाऱ्यानें मग धोक्याच्या घंटेची कांच फोडली. परंतु आग लहान कीं मोठी हें घंटा कसें सांगणार? नेहमींप्रमाणें दोनच बंब निघाले. जहाजांत दारूगोळा आहे हें तेथें पोंचल्यावर कळलें, आणि मग आणखी बंब मागविण्यांत आले.

बंबवाल्यांनीं ९०० टनांहून अधिक पाणी त्या खणांत ओतलें. धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना, आणि उष्णता एवढी कीं भोंवतालचें पाणी उकळूं लागलें. जहाज जागींच बुडवावें, कीं ओढून बाहेर समुद्रांत न्यावें? कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी, बंबांचे मुख्य, सारे तेथेंच होते. प्रत्येकाचा अधिकार आपापल्या कक्षेपुरता. सर्वांवर हुकूम चालवील असा एकहि नव्हता. सल्ले पुष्कळ निघाले, निर्णय निघाला नाहीं. गोदींतील हमाल व खलाशी यांना दूर जा म्हणून कोणी सांगितलें नाहीं; कित्येक जण उभे राहून आग पाहत होते.

३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनीं दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. ‘जलपद्मा’ नांवाचें जहाज उचललें जाऊन गोदीच्या छपरावर आदळलें. पेटत्या गांठी आसपासच्या वस्तीवर पडल्या आणि आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले. अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. एकंदर मृत सरकारी हिशेबानें सातशेंवर. इतर अंदाज तेराशेंपर्यंत जातात.

रेडिओवरून बोलत असल्यानें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जपानी आले, अशी अफवा त्या संध्याकाळीं शहरांत पसरली. दुसऱ्या दिवशीं, १५ एप्रिलला, जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें स्फोटाची सविस्तर बातमी दिली. येथील वृत्तनियंत्रकांनीं मात्र ती बाहेर पाठविण्यास परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. तोंवर गोदींतील ढिगारे उपसण्यास माणसें लागलीं होतीं, आणि त्या कामास आठ हजार लोकांना सुमारें सात महिने लागले.