बाळंतिणीच्या दाराबाहेर

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले धर्मभगिनींच्या इस्पितळांत जन्मली आहेत. म्हणूनच, १९३६ पर्यंत व्रतस्थ भगिनींना प्रसूतिकार्य करण्यास चर्चची मनाई होती, हे आम्हांस प्रथम वाचताना खरे वाटेना. ब्रह्मचर्यव्रतास ते शोभत नाही, अशी समजूत होती.

तिची किंमत आज पाकिस्तानात असलेल्या रावळपिंडीसारख्या शहरांतील बाया मोजीत होत्या. गोषातील मुस्लिम स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत. बाळंतपण अडले की सुईणीचे हात टेकत आणि आईबरोबर मूलही दगावे. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅकलॅरन यांच्या खटपटीने १९०९ मध्ये तेथे स्त्रियांसाठी इस्पितळ उभे राहिले. पण तेथे डॉक्टर भगिनी आणायच्या कोठून? निर्बंध उठावा म्हणून या बाईंनी उतारवयात रोमच्या खेपा घातल्या. १९१३ मध्ये त्या निवर्तल्या, निर्बंध राहिला.

त्यांच्याशी केवळ पत्रांतून परिचय झालेल्या, टायरोलच्या ॲना डेंगल डॉक्टर होऊन १९२० मध्ये रावळपिंडीस आल्या. हे काम एकटीच्या आवाक्यातले नव्हे, हे ओळखून १९२५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथे मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापिला. मात्र जाहीर व्रते घेण्याची सोय नव्हती. (गुंटूरच्या सिस्टर डॉ. मेरी ग्लावरी यांना वैद्यकीची खास परवानगी मिळाली होती. म्हणजे दार अगदीच बंद नव्हते!)

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्रासह वैद्यकीची मुभा दिली. मॅकलॅरनबाईंना जाऊन तेव्हा २३ वर्षे होत आली होती.